दुसरी बेल

रविवार, ५ जानेवारी २०२५, ठाकुर्ली

आलो एकदाचे! ठाण्यात खोपटला एसटी डेपोमागच्या खोलीत उभं आयुष्य गेलं. ती सोडताना शकूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या डोळ्यांत, खोटं कशाला लिहू, नुसती गाडी होती. गाडीसाठी घर बदलणारा नवरा माझ्याच नशिबी, असं ती टेम्पोवाल्याला सांगत होती. टेम्पोवाला हसला. मी नाही हसलो, कारण खरंच होतं ते. इथे बैठं घर आहे, पुढे अंगण, बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये गाडी मावते, फक्त मागचा हातभर भाग उन्हात राहतो. तिथे ताडपत्री टाकीन.

गाडी अमेरिकन, १९५८ची. अंगाने मोरपिशी, छप्पर पांढरं, पुढे सोफ्यासारखी एकसलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. गल्लीत जो तो तिला इम्पाला म्हणतोय. ती इम्पाला नाही, पण कुणाकुणाला समजावणार? मी मान हलवतो. पडघ्याच्या अलीकडच्या गावात हौसाबाई म्हणून आगरी बाई आहेत, मोठ्या जमीनवाल्या, त्यांच्याकडून घेतली. त्यांचे यजमान विठ्ठलशेठ गेल्या वर्षी वारले. गाडी कित्येक वर्षं भाताच्या कोठाराशेजारी झाकून ठेवलेली होती. दोन महिने तिथेच खपून मी इंजिन उघडलं, साफ केलं, परत बसवलं. आता पहिल्या चावीला बोलते.

एकच भानगड आहे. गाडी मुळात कुठल्याशा परदेशी वकिलातीची, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. आपल्या रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर मला समोरून येणारं काही दिसत नाही. दिसतं ते उजवीकडे बसलेल्याला, म्हणजे शकूला. तिच्याशिवाय मी आंधळा, आणि हे तिला फार आवडलंय. त्यासाठी आम्ही एसटीचाच नियम ठेवलाय. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. इथे दोरी नाही, तर शकू तिच्या दाराच्या पत्र्यावर हाताने वाजवते. अठ्ठावीस वर्षं मी मागे वळून न बघता बेलवर गाडी हाकली आणि विना-अपघाताचा बिल्ला छातीला लावून निवृत्त झालो. बेल कानात शिरली की माझा पाय निघतो, डोक्याला विचारायला थांबत नाही. शकू म्हणते, घरातपण एक बेल बसवून घेते, तोंडाने सांगितलेलं तर कधी ऐकत नाही तुम्ही.

ही वहीही तिनेच आणली. लॉगशीट भरायची सवय आहे, नाही लिहिलंत तर चिडचिड कराल, म्हणाली. बरोबर आहे तिचं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळी दिशाचा, आमच्या मुलीचा, ठाण्याहून फोन झाला आणि आम्ही दोघंच गुळपोळ्या घेऊन खडवलीला नदीवर गेलो. जाताना राजासारखे गेलो. टिटवाळ्याच्या पुढे एका गावात शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती, तर शकूने हात काय हलवला, पदर काय सावरला! पाण्यात पाय सोडून पोळ्या खाल्ल्या. तिला म्हटलं, लग्नानंतर फिरायला नेलं नव्हतं, ते आता रोज. ती म्हणाली, उशिरा का होईना, गाडी फलाटाला लागली.

येताना मात्र जिवावर बेतलं. पुढे विटांचा ट्रॅक्टर रखडत होता. मी बेलची वाट बघत होतो. टण, टण. दोन. काढली बाहेर, तर समोर मिनीबस! कशी आत घेतली माझं मला माहीत. बाजूला थांबवून शकूवर ओरडलो. तीही ओरडली. म्हणाली, "अहो, एकच मारली मी! कानात बोळे घातलेत काय?" मी म्हटलं, इतकी वर्षं बेल मोजतोय, मला एक आणि दोनातला फरक कळतो. आज पहिल्यांदाच संक्रांतीला गोड बोलायचं राहिलं.

तिचा हात थरथरला असेल. तीही साठीला आली.

शनिवार, १८ जानेवारी

शकूचा हात थरथरत नाही. ते मी आज बघितलं आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांत तीन वेळा तेच झालं. ती शपथेवर सांगते एक, मला ऐकू येतात दोन. काल कल्याणला पत्रीपुलाजवळ सिग्नल लाल होता, शकूचे दोन्ही हात मांडीवर, पिशवी धरलेली, आणि तरी वाजलं. तिनेही ऐकलं. दाराचा आवाज नव्हता तो. मागून, वरून आला.

म्हणून आज दुपारी शेडमध्ये तपासणी केली. इंजिन बंद असताना काहीच नाही. गाडी चालू करून नुसती उभी ठेवली. मिनिटभराने ठक्. थोडा वेळ गेला, परत ठक्. मी उतरून मागच्या दारातून आत डोकं घातलं. छताला जुनं कापड आहे, त्यावर मागच्या सीटच्या वर रुपयाएवढे खळगे आहेत, वीसेक तरी. मी समजत होतो कसर लागलीय. माझ्या डोळ्यांसमोर कापड आत दबलं, पत्रा वाजला आणि नवा खळगा पडला. सीटचं रेक्झिन एका जागी खाली बसलेलं होतं, माणूस बसल्यावर बसतं तेवढं.

शकूने माझा दंड पकडला होता. चावी कशी काढली आठवत नाही. मला भीती वाटली, हे लिहायला लाज वाटत नाही.

सोमवार, २० जानेवारी

एसटीने हौसाबाईंकडे गेलो. बाई ओट्यावर वाल सोलत होत्या. मी खळगे म्हटल्याबरोबर त्यांचा हात थांबला.

त्यांचे सासरे, गोविंदशेठ. गाडी त्यांनीच आणलेली. स्वतः कधी चालवली नाही, मागे बसायचे, हातात काठी. गाडी कुठेही थांबली की काठीने छत ठोकायचे, चल म्हणून. थांबणं त्या माणसाला सोसायचं नाही. चाळीस वर्षांपूर्वी डोंबिवलीला गेले असताना त्यांच्या छातीत कळ आली. तेव्हा विठ्ठलशेठ त्यांना तिथून ठाण्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले आणि ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकात अडकले. बाई सासऱ्यांना मामा म्हणतात. त्यांच्याच शब्दांत, "चार गाऱ्या गेल्या तरी फाटक उघरला नाय. मामा काठी ठोकीत व्हते, ठोकीत व्हते, मंग ठोकाचे थांबले." त्यानंतर विठ्ठलशेठांनी गाडी पुन्हा रस्त्यावर काढली नाही.

हे आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, इचारला कवा तुमी? पण बाई वाईट नाहीत. रडल्या. गाडी परत आणून टाका, रविवारी घरात माणसं आहेत, काहीतरी विधी करून घेऊ म्हणाल्या.

शकूने सुचवलं, टोचन लावून न्या. ते मला पटलं नाही. माझी गाडी दोरीला बांधून रस्त्याने ओढत नेणार? बिल्ला आडवा आला. म्हटलं, शेवटची फेरी मीच मारतो. मग ती म्हणाली की मीही येणार, तुम्हाला उजवीकडचं दिसतं का? तिचंही खरंच होतं. ठरलं असं की बेल बंद. पत्र्याला हात लावायचा नाही. जे सांगायचं ते तोंडाने, थांब किंवा चल.

बुधवार, २९ जानेवारी. ठाणे, दवाखाना

रविवारचं लिहितो. लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

पडघा रस्ता. पुढे कडब्याचा ट्रक. शकू तोंडानेच सांगत होती, थांबा, थांबा. मी थांबलेलो. मागच्या डंपरने हॉर्न लावून धरला, तिचं बोलणं ऐकू येईना. ती घाबरली आणि सवयीने तिचा हात दारावर पडला. एकदाच. मी बघितलं, एकदाच.

आणि मागून दुसरी.

माझा पाय निघाला. कळत होतं मला. दुसरी तिची नाही हे कळत होतं, तरी पाय निघाला. समोरून टँकर. उजवी बाजू.

माझ्या कपाळाला चार टाके. बस. तिच्या बरगड्या, फुफ्फुस, सगळं—

टोचन लावलं असतं तर. मी तिला मारलं असतं तरी एवढं वाईट वाटलं नसतं, कारण ते रागात झालं असतं. हे मिजाशीत झालं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

शकू शुद्धीवर आली! मला ओळखलं. डोळ्यांतून पाणी. मी तिचे पाय धरले, दिशा ओढत होती तरी धरले.

घशात नळी आहे, श्वास मशीनवर, बोलता येत नाही. सिस्टर करिश्मानं तिला शिकवलं, काकू, कॉटच्या दांडीवर बोटाने वाजवायचं, एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो.



सिस्टरने विचारलं, दुखतंय का फार? शकूचं बोट एकदा उठलं, एकदा पडलं.

ठक्. ठक्.

सिस्टरने हो समजून इंजेक्शन दिलं.

म्हातारा चाळीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या दवाखान्यात यायला निघाला होता. आम्ही आणून पोचवला. आणि इथेही त्याला थांबायचं नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

आज सकाळी डॉक्टर. काकू, स्वतःचा श्वास जमेल? नळी काढू?

शकू माझ्याकडे बघत होती. बोट एकदा. मी शपथ घेतो, एकदा. ती थांब म्हणत होती.

आवाज दोन आले.

डॉक्टर मशीन बघत होते. आकडेही बरे होते, त्यांची काय चूक? नळी काढली. अर्ध्या तासात ओठ निळे. धावपळ. परत घातली.

मी सगळं सांगितलं. फाटक, काठी, सगळं. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला आणि दिशाला म्हणाले, बाबांना घरी घेऊन जा, थोडं झोपू दे. दिशाही तसंच बघते माझ्याकडे.

उद्या दहाला पुन्हा विचारणार आहेत.

दुसऱ्यांदा ती टिकणार नाही. मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळ

९.२० — पोलीस चौकीमागचं आवार. गाडी इथे आणून टाकलीय. उजवी बाजू सीटपर्यंत आत गेलीय. कागद काढायचेत सांगून आत आलो. दिशाला शकूजवळ बसवलं, दहा वेळा सांगितलं, बोट बघ, आवाज ऐकू नको. हो म्हणाली. पण वेड्याला म्हणतात तसं म्हणाली.

म्हाताऱ्याला दवाखान्यातून काढायला पाहिजे. दहाच्या आत. गाडी चालू झाली की ती सोडून तो तिथे राहणार नाही.

९.३१ — चालू झाली. देवा, चालू झाली. पुढचं चाक घासतंय पण फिरेल. तोंड रस्त्याकडे आहे.

मागचं दार उघडून हात जोडले. बसा शेठ. पाहिजे तिथे नेतो. कुठे थांबणार नाही, सिग्नलला नाही, फाटकाला नाही, जन्मभर नेतो. पण तिला सोडा. तिने तुमचं काही बिघडवलं नाही. गाडी मी घेतली, हौस माझी होती.

९.४४ — काही नाही.

९.५० — काही नाही. रडतोय मी. हवालदार लांबून बघतोय.

९.५६ — ठक्.

मागून. छताला. रेक्झिन बसलं.

आला! आला इकडे! शकू, आता तू एकदा वाजव, एकच होईल. एकच ऐकतील सगळे. वाचलीस गं बाई—

दहा वाजून जाऊ देत. मग निघतो. गिअर टाकून क्लच दाबून बसलोय. शेठ, पाच मिनिटं. पाच मिनिटं फक्त.

१०.०३ — परत वाजलं.

मागून नाही. उजवीकडून. दाराच्या पत्र्यावर. तिथे तर माणूस बसायला जागाच नाही, दार सीटला टेकलंय—

हलकं. एकदा.

हा हात मला माहीत आहे.

फोन वाजतोय. दिशा. उचलत नाही. उचलला नाही तर अजून काही झालेलं नाही.

शकू? तू इथे काय करतेस? तू तिकडे— तुला तिकडेच—

एक बेल. थांब म्हणतेस. थांबलो गं, बघ, थांबलोय, एक पाय ब्रेकवर आहे, एक क्लचवर, मी कुठे जात नाही, ऐकतोय तुझं—

शेठ नको. हात जोडतो. एक मिनिट. तिची एकच आहे, एकच राहू—

दुसरी

शकू, पाय नि—