सगळ्यांचे हात वर

३ जानेवारी, सोमवार

आली एकदाची! एकवीस दिवस परदेशातल्या शाळा बघून बाईसाहेब आज हजर. केस कापलेत. शिक्षकांच्या खोलीत नुसती झुंबड. विमानात खायला काय देतात, थंडी किती होती, तिथली मुलं ऐकतात का? चित्रकलेचे सर तर तिच्या पिशवीवरच डोळे लावून बसलेले. प्रत्येकाला एकेक पेन्सिल आणि मध्ये चॉकलेटचा डबा. सगळे तुटून पडले. मी म्हटलं, मला गोड चालत नाही.

सव्वीस वर्षं नोकरी माझी, हिची चार. त्यातून ही चौथीला माझ्याच वर्गात होती! अजून डोळ्यांसमोर आहे. दुसरा बाक, खिडकीची बाजू, आणि हात कायम वर. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत वर. मी आजवर प्रत्येक वर्गाला सांगत आले, हात असा वर पाहिजे, तिच्यासारखा. घडवली मी आणि विमानात बसली ती.

अर्ज माझाही गेला होता. त्यात रकाना होता, 'वर्गात शिकवताना येणाऱ्या अडचणी'. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'निरंक.' अडचणी असत्या तर सव्वीस वर्षं निभावली असती का? हिने म्हणे त्या रकान्याला दोन पानं पुरवणी जोडली. जिला जमत नाही तिला पाठवलं, जिला जमतं तिला घरी बसवलं. अजब न्याय!

नंतर — डब्यातलं एक चॉकलेट खाल्लं. खोलीत कोणी नव्हतं. चांगलं होतं मेलं.

४ जानेवारी, मंगळवार

'तिकडे.' दिवसभर हा एकच शब्द. तिकडे पाचवीपर्यंत नंबर काढत नाहीत. तिकडे मुलं आपला वर्ग आपण झाडतात. तिकडे शिक्षक एकमेकांच्या तासाला जाऊन बसतात. मी या वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारायला सुरुवात केली आहे. आज सतरा.

शिपाईमामांनी बरं विचारलं — "मुलंच झाडतात, तर मग तिकडे शिपाई काय करतो?" सगळे हसले. मी जरा जास्तच हसले. तीही हसली, मनापासून. तिला राग येत नाही हेच मला सहन होत नाही.

७ जानेवारी, शुक्रवार

मोठ्या बाईंनी सभा घेतली. तिकडची एक पद्धत आता इकडे. म्हणजे आपल्या शाळेत. महिन्यातून एकदा एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी वर्गात बसून बघायचा. त्यात नवीन काय? साहेब तपासणीला येतात तेव्हा दुसरं काय करतात?

तर ती उठून म्हणाली, "बघणाऱ्यांनी शिक्षकाकडे बघायचं नाही. मुलाकडे बघायचं. प्रत्येकाने एकच मूल निवडायचं, त्याच्याजवळ बसायचं आणि तासभर ते काय करतं एवढंच लिहायचं." आता बोला! नाटकाला जायचं आणि स्टेजकडे पाठ करून बसायचं!

पण खरी बातमी शेवटी आली. दुसरी तुकडी जूनमध्ये जाणार आहे. आपल्या शाळेला एक जागा. शिफारस मोठ्या बाईंची, पाठ बघून. अर्ज एकतीस तारखेपर्यंत. कोणी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "पहिला पाठ माझा."

१० जानेवारी, सोमवार

कपाटातून पासपोर्ट काढून बघितला. पाच वर्षांपूर्वी हौसेने काढला होता. फोटो चोरासारखा आलाय. पानं कोरी करकरीत. तिच्या पासपोर्टावर शिक्के आहेत, तिने दाखवले सगळ्यांना. म्हणजे लोकांनी मागितला म्हणून दाखवला. पण दाखवला.

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पोटात दुखत असेल तर ओवा खा." मी म्हटलं, माझं पोट ठणठणीत आहे. "मग तोंड का असं?" तीस वर्षांच्या संसारात या माणसाने एक गोष्ट शिकून घेतली, नेमकं बोट ठेवायला.

हो, जळते मी! इथे लिहायला काय हरकत आहे? तिच्या विमानावर जळते, शिक्क्यांवर जळते, मोठ्या बाई तिला "जरा बसा ना" म्हणतात त्यावर जळते. माझ्याशी मात्र सव्वीस वर्षांत उभ्यानेच बोलल्या आहेत.

१२ जानेवारी, बुधवार

तिकडे — बावीस. नवा उच्चांक.

१४ जानेवारी, शुक्रवार

तिच्या वर्गावरून गेले. मुद्दाम नाही, खडू आणायला. फळ्यावर कोपऱ्यात चौकट आणि वर लिहिलेलं, 'आजची छान चूक'. एक पोरगा आपलं चुकलेलं गणित सगळ्यांना समजावून सांगतोय आणि वर्ग कान देऊन ऐकतोय. चुकीची मिरवणूक! माझ्या वर्गात चूक फळ्यापर्यंत पोचतच नाही.

आणि शाळा सुटल्यावर माझी मुलं कुठे? तिच्या दारात! आत डोकावत. त्यात ती मागच्या बाकावरची रिबीनवाली सुद्धा, जी माझ्यासमोर 'हो बाई' पलीकडे बोलत नाही. तिला काहीतरी विचारत होती. हातवारे करून. मला बघितलं आणि गप्प झाली.

घरी येऊन कुकरचं झाकण आपटलं. हे उठून बाहेरच्या खोलीत गेले.

१७ जानेवारी, सोमवार

पाठाची तयारी जोरात. अपूर्णांक घेणार आहे. कागदाच्या पट्ट्या, घड्या, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश. आणि हातांची उजळणी घेतली.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. नोकरीचं पहिलं वर्ष. साहेब आले, मी प्रश्न विचारला आणि अर्धा वर्ग हात खाली घालून बसलेला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, वर्ग झोपलाय की तुम्ही?" त्या दिवशी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, यापुढे सगळ्यांचे हात वर. येतं त्याने उजवा. येत नाही त्याने डावा. विचारणार मी उजव्यालाच. डाव्याने घाबरायचं नाही, त्याला कोणी हात लावणार नाही.

काय दिसतो वर्ग! पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नुसते हात. आधी तपासणीपुरतं होतं, मग रोजचंच झालं. मलाच बरं वाटायचं बघायला. मुलं हुशार, बाहेर कुणाला पत्ता लागू देत नाहीत. सव्वीस वर्षांत एकाही साहेबाच्या लक्षात आलं नाही. माझ्या वर्गाला 'शाळेचं नाक' म्हणतात ते उगीच नाही.

२५ जानेवारी, मंगळवार

झाला पाठ. लोण्यासारखा झाला! एक शब्द अडला नाही. प्रत्येक प्रश्नाला चौतीस हात वर. मोठ्या बाई मान डोलावत होत्या.

मग बसलो बोलायला. प्रत्येकाने आपापल्या मुलाबद्दल सांगायचं. चित्रकलेचे सर म्हणाले, "माझ्या पोराने पट्टीची होडी केली. उत्तम होडी. अपूर्णांकाचं मला माहीत नाही." हशा. मोठ्या बाईंचा मुलगा हुशार निघाला, त्या खूश.

ती रिबीनवालीजवळ बसली होती. वही उघडून शांतपणे वाचलं — "हिने एक चतुर्थांश मोठा असं लिहिलं, कारण चार तीनापेक्षा मोठे. शेजारणीचं बघितलं आणि खोडलं. पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा खोडलं. तासात अकरा वेळा हात वर केला. ती उजव्या हाताने लिहिते. डाव्या हातात खोडरबर होतं. प्रत्येक वेळी ते खाली ठेवून तिने डावा हात वर केला. अकराही वेळा डावाच. एकदाही तिला विचारलं गेलं नाही. दर वेळी हात खाली घेताना तिने सुस्कारा सोडला." बस्स. वही मिटली.

बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "वा, किती बारीक निरीक्षण!" मी उगीच कागदाच्या पट्ट्या गोळा करायला लागले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. आज 'तिकडे' एकदाही म्हणाली नाही. वहीत रेघ नाही.

निघताना मोठ्या बाईंनी मला थांबवलं. "बसा ना," म्हणाल्या! शिफारस माझीच करणार आहेत. 'वर्ग शंभर टक्के तयार' असं लिहिणार आहेत. अर्ज तेवढा सोमवारी द्या म्हणाल्या.

२६ जानेवारी, बुधवार

जागा मिळाली. आनंद होत नाही. तिला कळलंय, नक्की कळलंय. पण सांगितलं कुणी? चौथीतलं इतक्या वर्षांनी तिला कुठलं आठवायला! त्या रिबीनवालीनेच फोडलं असणार, दारात उभी राहून हातवारे करत होती ना! आणि कळलं तर सगळ्यांसमोर का नाही बोलली? उपकार करते काय माझ्यावर?

हे म्हणाले, "अगं, मनासारखं झालं ना? आता काय?" मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे का? ते म्हणाले, जास्त आहे.

२८ जानेवारी, शुक्रवार

आज प्रश्न विचारला आणि उत्तर घ्यायचं सोडून नुसते हात बघत उभी राहिले. डावे मोजले. एकोणीस. चौतिसात एकोणीस! हे मला रोज दिसत होतं. बघून पुढे जायची सवय झाली होती.

मग रिबीनवालीला उठवलं. "तू सांग." ती पांढरीफटक पडली. आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. म्हणाली, "बाई, माझा डावा आहे!"

मी नियम मोडला होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. म्हटलं, "बस, चुकून झालं." तिला म्हटलं की स्वतःला, कोण जाणे.

मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेऊन विचारलं, त्या मॅडमना हातांचं तू सांगितलंस का? डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "नाही बाई, शप्पथ! मी त्यांना गणित विचारत होते." खोटं बोलणारी पोर नाही ती.

३१ जानेवारी, सोमवार

तिला जिन्यात गाठलं. सरळ विचारलं, डाव्या हाताचं तुला कुणी सांगितलं?

"बाई, सांगायला कशाला पाहिजे? चौथीचं अख्खं वर्ष माझा डावाच असायचा."

मी म्हटलं, मग तेव्हाच बोलायचं नाही का गं? तर म्हणाली, "सगळे हात वर दिसले की तुम्ही किती खूश व्हायचात!"

अर्ज भरला. अडचणींच्या रकान्यात डाव्या हातांची नावं लिहायला घेतली. मोठ्या बाई म्हणाल्या, असं दिलंत तर माझी शिफारस खोटी ठरेल, जागा हातची जाईल. म्हटलं, जाऊ दे. रकान्यात जागा पुरली नाही म्हणून कागदाच्या पाठीमागे लिहिलं. वर्गातली एकोणीस, पण नावं वीस झाली. पहिलं तिचं आहे.