क्लॅरिनेटवरची खाच

मंगळवार, संध्याकाळ. टँकर आजही आला नाय.

दाढ असती तर कधीच उपटून टाकली असती. पण दुखतोय तो हा वरचा, समोरचा दात. माझं क्लॅरिनेट याच्यावरच टेकतं. इतकी वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवतोय, या दातानं क्लॅरिनेटच्या तोंडात धरायच्या भागावर खाच पाडलीय.

खासगी डॉक्टरनं रूट कॅनालचा खर्च सांगितला, तो म्हणजे माझी अख्ख्या लग्नसराईची कमाई. म्हणून आज मोफत दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "काका, दात वाचतो. पण मशीनला पाणी लागतं अन् आमची टाकी कोरडी पडलीय. सध्या आम्ही नुसते दात काढतोय."

मग मी तो येडेपणा केला. घरी आलो, बायकोनं, सुनीतानं, साठवलेला पाच लिटर पाण्याचा कॅन उचलला अन् परत गेलो. म्हटलं, "मॅडम, माझ्यापुरतं पाणी मी आणलंय." रांगेतली माणसं हसली. बाई नाय हसल्या. "एका कॅननं मशीन चालत नाही हो, काका."

कॅन तसाच भरलेला घरी आणला. लाज वाटली.

सुनीता म्हणते, "काढून टाका, गाल लई सुजलाय." व्हय, पण मग वाजवू कशानं, हिरडीनं? आत्ता पुन्हा त्या खाचेवरून बोट फिरवलं. लग्नं तर तोंडावर आलीत.

उद्या दात काढायला बोलावलंय. कॅन उद्याही न्यायचाय. चूळ भरायचं पाणी घरून आणा, म्हणाल्या.