पाणी येईपर्यंत

आई, काल टाकीत थेंबभर पाणी नव्हतं. गारखेड्यात नळाला पाणी कधी येईल ते देवालाच ठाऊक, आणि टँकरवाल्यानं चारचा वायदा केला होता. सहाला मी औरंगपुऱ्यातल्या लॅबमधून घरी आले तर बादली कोरडी. बाळंतपणाची रजा संपवून लॅबमध्ये रुजू झाले त्याला दीड महिना झालाय. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, थुंकीच्या डब्या घ्यायच्या. कुणी तोंडावर खोकतं, कुणी शिंकतं. म्हणून घरी आल्यावर आधी अंघोळ आणि मगच बाळ, असा माझा नेम आहे. तुझाच आहे तो, माझा कसला!

तू टीबीच्या वॉर्डात आया होतीस. संध्याकाळी मागच्या दारानं यायचीस, चप्पल बाहेर सोडायचीस, साडी थेट कढत पाण्यात टाकायचीस आणि मोरीतूनच ओरडायचीस, "जवळ यायचं नाय, सांगून ठेवते." चौथीचा निकाल लागला त्या दिवशी मी ते विसरले. पळत येऊन तुझ्या कमरेला मिठी मारली, आणि तू मला असं ढकललंस की मी पायरीवर आपटले. कपाळातून रक्त येत होतं तरी तू मला उचललं नाहीस. आधी अंघोळ केलीस. मग ओल्या केसांनी येऊन जखमेवर हळद दाबलीस आणि म्हणालीस, "अक्कल हाय का नाय तुला? तुला काय झालं तर मी काय करू?" मला त्यातलं फक्त अक्कल ऐकू आलं. पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं, हिला माझी किळस येते. तू वॉर्डातून माझ्यासाठी कधी काही आणलं नाहीस, साधा खोकलासुद्धा नाही. स्वतःसाठी मात्र आणलास. मी बारावीत असताना तू गेलीस, तेव्हा तुझं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं.

मग मी घाबरू नको तर काय करू? रुजू झाले आणि आठच दिवसांत बाळाची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना होतंच हे, तुमच्यामुळेच झालं असं नाही. मी मान डोलावली. विश्वास मात्र ठेवला नाही. हातमोजे असतात, मास्क असतो, नव्या मुलींना हात कसे धुवायचे ते मीच शिकवते. सगळं कळतं, पण वळत नाही. बोटांना साबणानं भेगा पडल्यात, भाजीत मीठ टाकताना झोंबतात. नवरा म्हणतो, कुणाला तरी दाखवून ये. हात दाखवू की डोकं, ते तो सांगत नाही.

तर काल मी दारातच उभी राहिले. सासूबाईंच्या कडेवर बाळ होता. सात महिन्यांचा आहे आता. मला बघून हसला, दोन्ही हात पसरले. मी माझे हात मागे बांधले. तो रडायला लागला.

"कवाचं वाट बघायलंय लेकरू. घे की," सासूबाई म्हणाल्या.

"पाणी आलं की घेते."

"अगं, शेतातून आल्या-आल्या अंगावर पाजलीत मी सगळी. काय बी झालं नाय कुणाला."

"तुमच्या हाताला माती असायची. माझ्या हाताला काय असतं ते तुम्हाला माहीत नाही."

"मग सोड ती नोकरी."

सोडते, कशावर सोडू? नवऱ्याच्या कंपनीत महिन्यातले पंधरा दिवस काम असतं, पंधरा दिवस नसतं. हे त्यांनाही ठाऊक आहे. बाळ रडत राहिला. त्याच्या रडण्यानं मला पान्हा फुटला, कुडता ओला झाला, आणि मी चार पावलांवर खांबासारखी उभी. पाऊण तास, आई. पाऊण तासानं टँकर आला.

अंघोळ केली, केस न पुसताच धावले, हात पुढं केले. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि सासूबाईंच्या खांद्यात तोंड खुपसलं. बळंच घेतला तर अंग ताठ केलं. अंगावर पाजायला घेतलं तर मान वळवली. शेवटी त्यांनी वाटीतून मुगाच्या डाळीचं पाणी पाजलं, ते गटागटा प्यायला. "भूक लागली की येतंय बघ तुझ्याकडं," त्या हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी तो माझ्याकडं बघून रडला नाही, हसलाही नाही. मी डबा उचलला आणि निघाले. हे असंच चालणार आहे, मला दुसरं काही दिसत नाही. तुझ्याकडं इलाज असता तर तू स्वतःवर केला असतास, म्हणून विचारतही नाही. आणि विचारलं तरी पाठवू कुठं? लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, संपलं की फाडून टाकीन. एवढंच सांगायचं होतं. काल त्यानं तोंड फिरवलं तेव्हा मी रडले, ते सासूबाईंनी पाहिलं. पण रडू यायच्या आधी क्षणभर मला हायसं वाटलं. वाटलं, चला, आता हा माझ्याजवळ येणार नाही, म्हणजे वाचेल.