निळ्या वहीतलं शेवटचं येणं

दि. ३ जून

चि. ठिणगीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाने मृत्युपत्रात घड्याळदुरुस्तीचं दुकान तुझ्या नावावर केलं आणि सगळा कारभार माझ्या गळ्यात घातला. म्हटलं, पोरीला किल्ली देऊ, विषय संपला. तर वकील म्हणतो, ज्यांचं त्याच्याकडे काही येणं आहे त्यांना आधी कळवा, पेपरात जाहिरात द्या, दोन महिने थांबा. मी सांगितलं, माझा धाकटा भाऊ कुणाचं काही ठेवून जाणारा नव्हता. तो चष्मा पुसत नुसता हसला.

पेपर कशाला? मी पुठ्ठ्यावर लिहून शटरला टांगलंय. भाऊ गेला, ज्याचं काही राहिलं असेल त्याने दोन महिन्यांत यावं, नंतर तोंड दाखवू नये. झालं.

सर्दीचं औषध घे. लोभ आहेच, सारखा विचारू नकोस.

आत्या

दि. ९ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पुठ्ठ्याचं वाचून पोट दुखेपर्यंत हसले. पण पेपरात दे गं. तू दुकान देऊन मोकळी झालीस आणि मागाहून कुणी उगवला, तर तुला पदरचं भरावं लागेल, असं वकिलांनी मलाही कळवलंय. बाबांच्या निळ्या वहीत ज्यांची नावं आहेत, त्यांना वेगळी पत्रंही धाड. नोकरी सोडायची चिठ्ठी मी लिहून ठेवलीय, दुकान हातात आलं की देणार. घाई मलाच जास्त आहे, तरी थांबते.

रागव, पण लोभ कमी करू नकोस.

ठिणगी

दि. ७ ऑगस्ट

चि. ठिणगीस आशीर्वाद.

जाहिरात दिली. वही वकिलाच्या कारकुनापुढे टाकली, त्याने पत्रं लिहिली, मी चाळीस कागदांवर न वाचता सह्या ठोकल्या. काचवाल्याचं बिल निघालं, ते भागवलं. शिंपीणबाईंचं गजराचं घड्याळ कपाटात सापडलं, ते पोचवलं.

आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टमनने मलाच पाकीट दिलं. आत लिहिलेलं, तुमचं काही येणं असल्यास कळवावे. खाली सही माझी! तशीच उठले आणि कारकुनाशी भांडायला गेले. त्याने वहीचं शेवटचं पान उघडून दिलं. धाकट्याच्या अक्षरात होतं, मोठीचं मनगटी घड्याळ, बारा वर्षं झाली, ओरडेल.

मला वाटलेलं, त्याने ते हरवलं. ओशाळेल म्हणून कधी विचारलं नाही. खणात होतं गं, फडक्यात गुंडाळून. आतली कमान तुटलीय, स्प्रिंग गं.

वकील म्हणतो, येणं सोडलं असं लिहून द्या, लगेच किल्ली देऊ. मी का सोडू? माझं घड्याळ मला चालू हवंय. आता दुकान अडलंय ते माझ्यापायी. काय ते तू बघ.

डोळ्यांत कचरा गेलाय, म्हणून अक्षर असं.

आत्या

दि. १२ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

नोकरीची चिठ्ठी आज दिली. रविवारी येते, किल्ली तयार ठेव. सोबत दुकानाची पावती आहे, ती वकिलांना दाखव, म्हणजे तुझं येणं आता माझ्याकडे. मोठीचं मनगटी घड्याळ, नवी कमान घालून चालू करून द्यायचं, मुदत आठ दिवस. उशीर झाला तर ओरडायची मुभा.

खाली सही माझी आहे. वाचून केलीय.

ठिणगी