बिनपगारी रजा

बेलापूर,
९ ऑगस्ट १९९८

चि. यशोधरास सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

आईचा गुडघा सोडला तर आम्ही खुशाल आहोत. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

नगरच्या कॉलेजातली प्राध्यापकी तू सोडलीस हे मला नितीनकडून कळावं? भावाला सांगतेस आणि बापाला नाही. काल एसटीने जाऊन प्राचार्यांना भेटलो. राजीनामा अजून संस्थेकडे गेला नव्हता. त्याऐवजी या शैक्षणिक वर्षाची बिनपगारी रजा द्यायला ते तयार आहेत. तेवढा अर्ज सही करून पाठव. रागावलीस तरी चालेल. त्या खुर्चीपर्यंत आपल्या घरातलं कोणी पोचलं नव्हतं.

पुण्याच्या कंपनीत तू नेमकं काय करतेस? नितीन म्हणतो, लोक यंत्र कसं वापरतात ते बघत बसते. आई म्हणाली, बघत बसायला एवढं शिकायचं कशाला, त्ये तर मी वट्यावर बसून रोजच करते.

जेवणाची हेळसांड करू नकोस. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
बाबा (भीमराज)

पुणे,
२३ ऑगस्ट १९९८

ती. बाबा आणि आईला सविनय जयभीम.

पत्र वाचून चिडले. मग अर्जावर सही केली आणि हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. अर्ज सोबत आहे.

आमची कंपनी सहकारी बँकांसाठी पैसे देणारं यंत्र बनवते आहे. कार्ड घालायचं, पडद्यावर विचारेल ते दाबायचं. मी माणसं बोलावते, यंत्रापुढे उभी करते आणि ती कुठे अडतात ते शेजारी बसून टिपते. मदत करायची नाही हा नियम. सांगून टाकलं तर यंत्र कुठे कमी पडतं ते कळणार नाही. वर्गात मी याच्या अगदी उलट करत आले.

पहिला अहवाल मी प्रबंधासारखा लिहिला, संदर्भसूचीसकट. मुख्य इंजिनिअर गंधार म्हणाला, मॅडम, बटण कुठे ठेवू एवढंच सांगा. घरी येऊन रडले. कॉलेजात कोणी मॅडम म्हटलं की मी कोण ते मला ठाऊक असे. इथे माझ्या हुद्द्याला मराठीत शब्दच नाही, आणि इंग्रजीतला सारखा बदलतो.

डिसेंबरात या. आईला सांगा, वट्यावरची जागा माझ्यासाठी राखून ठेव.

माया असू द्या.
यशोधरा

बेलापूर,
१७ जानेवारी १९९९

चि. यशोधरास जयभीम व आशीर्वाद.

पुण्याहून परतल्यापासून हे लिहावं की नाही, असं चाललं होतं. तू म्हणालीस म्हणून यंत्रापुढे उभा राहिलो. पाचशे दाबले की ते म्हणे, 'चुकीची माहिती. पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा तेच. तू हातभर अंतरावर मान खाली घालून लिहीत होतीस. दोनदा तुझ्याकडे पाहिलं, तू वर पाहिलं नाहीस. मागे ती इंजिनिअर मुलं. शेवटी मी यंत्राला "माफ करा" म्हणालो, हे मला एसटीत आठवलं.

शाळेत शिकवत होतो तेव्हा फळ्यापुढे पोर अडलं तर मी त्याला इतका वेळ उभं ठेवत नसे. ही कसली विद्या, बाळ? मला कळत नाही. आईला काही बोललो नाही. जूनमध्ये रजा संपते. परत ये.

बाबा

पुणे,
२४ जानेवारी १९९९

ती. बाबांना सविनय जयभीम.

मी लिहीत नव्हते. कागदावर नुसत्या रेघा ओढत होते. वर पाहिलं असतं तर उत्तर सांगून टाकलं असतं.

चूक यंत्राची होती. पाचशेपुढे पैशांची दोन शून्यं टाकली नाहीत तर ते पाच रुपये धरत होतं, आणि हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आधीची माणसंही तिथेच अडली होती. मी ते अहवालात लिहिलंही होतं, पण इतकं आत की कोणी तिथवर पोचलंच नाही.

तुम्ही चहाला गेल्यावर गंधारने विचारलं, सर माफी का मागत होते? मी म्हणाले, "जन्मभर प्रत्येक खिडकीपुढे त्यांना हेच ऐकवलंय, की चूक तुमची. तुझं यंत्रही तेच म्हणतंय." आता शून्यं यंत्र स्वतः टाकतं, आणि ते वाक्यही गेलं.

हे चांगलं झालं, की मी माझ्या बापाला वापरलं? रोज वेगळं वाटतं. पण आधी सगळं समजावून सांगायला हवं होतं. माफ करा.

यशोधरा

बेलापूर,
३० मे १९९९

चि. यशोधरास जयभीम व आशीर्वाद.

कॉलेजचं पाकीट इथे आलं. तुझ्या नावाचं आहे, म्हणून उघडलं नाही. सोबत पाठवतो. परत आलीस तर मला आनंद होईल, हे लपवत नाही. पण या वेळी मी नगरला जाणार नाही.

परवा श्रीरामपूरच्या बँकेत कारकुनाने माझा पेन्शनचा कागद परत सरकवला, चुकलाय म्हणाला. मी म्हणालो, "कुठे, ते दाखवा." त्याला दाखवता येईना. मी तिथून हललो नाही. कागद घेतला त्याने.

आई म्हणते, तिचं तिला ठरवू द्या, पर आंबं संपायच्या आत यायला सांगा.

बाबा

पुणे,
८ जून १९९९

ती. बाबा आणि आईला सविनय जयभीम.

आज कॉलेजचा राजीनामा टपालात टाकला. बरोबर केलं का, ठाऊक नाही. पाकीट आत पडल्याचा आवाज आला तरी माझा हात टपालपेटीच्या फटीतच होता. मागच्या गृहस्थांनी विचारलं, काही अडलंय का? मी हो म्हणाले. ते बिचारे थांबून राहिले.

रविवारी येते. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
यशोधरा