अर्ध्या वाटेवरून परत

प्रिय अनू,

तू गेल्यावर तुले एक ओळही लिहिली नाही मी. काल डोंगरातून रायपूरले परत आली. सकाळी शेजारच्या दीदी विचारून गेल्या, कसं होतं तिकडे? मले सांगताच आलं नाही. म्हणून तुले लिहून राहिली.

तुझीच वाट होती ती, जिथून तू परत आली नाही. तुझ्या ऑफिसातल्या अंकितले मीच म्हटलं, मले घेऊन चाल. तुमच्या त्या ट्रेकचं त्यानं कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

झाडं संपली, नुसतं गवत अन् दगड लागले. तुझी सॅक माझ्या पाठीले लांब पडत होती. एवढं सुंदर म्हणत होती न तू? मी बर्फ पाहिला, खाली नदी पाहिली. आत काहीच हललं नाही. रडू येईल म्हणून रुमाल हाताशी ठेवला होता, त्यानं घाम पुसला.

एका दगडावर अंकित बसला आणि स्वतःहून बोलला. "आंटी, उसने यहीं पानी पिया था. मैंने पूछा, सिरदर्द है क्या? बोली, नहीं, बस थक गई हूँ. ऊपर कैंप में पहुँचते ही गिर पड़ी. तब बताया कि सुबह से दर्द था."

"मंग?"

"नीचे ला रहे थे, आंटी. रास्ते में ही..."

तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात दुसऱ्याच कोणाचा वाटला.

काहून नाही सांगितलं, अनू? उंचावर डोकं दुखलं की खालीच उतरावं लागते, सगळ्यांले परत फिरावं लागेल म्हणून? लहानपणीही अंगात ताप घेऊन शाळेत जायची तू.

थोडं वर चढलो आणि माझंच डोकं ठणकायले लागलं. तू गेली ती जागा अंकितनं वरच्या वळणावर बोट करून दाखवली. मी थांबली.

"अंकित, माझं डोकं दुखून राहिलं."

त्याचा चेहराच उतरला. "बहुत?"

"माहीत नाही. पण दुखून राहिलं. चाल, खाली उतरू."

तुझ्यापर्यंत आली नाही मी. रागावू नको. उतरता उतरता दुखणं थांबलं. रडू मात्र अजून आलं नाही.

आता बाबा चहा घेऊन येतील आणि विचारतील, बरी आहेस न? रोज मी हव, बरी आहे म्हणते. आज तसं नाही म्हणणार, अनू. एवढं तुले कबूल करते.

तुझी,
आई