पिन कुणी ओढली?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा ती पाटी! कंप्युटर उघडला की पडद्यावर तेच — तुमच्या विंडोजला आता अपडेट मिळणार न्हाई, नवा घ्या. सात वर्षांचा तर हाय! पुण्याला नागेशला फोन लावला, धाकट्या भावाच्या पोराला. म्हणाला, "काका, दिवाळीत पेन ड्राइव्ह ठेवून गेलतो ना, त्यात विंडोजच्या जागी टाकायचं लिनक्स हाय. फुकट. पण मी येईपर्यंत हात लावू नका."

हात लावू नका म्हणं! एकतीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होतो मी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नको तेच केलं.

सून, शिवकन्या, पहाटेच कापूस वेचायला गेलेली. पोरगा महारुद्र मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात. बायको, कस्तुरा, घरातलं आवरून देवळात. निवांत होतो. पेन ड्राइव्ह लावला आन 'पुढे', 'पुढे' दाबत गेलो. कचेरीतली सवय — कागद आला की न वाचता शिक्का. एका ठिकाणी विचारलं होतं, डिस्क पुसायची का. तिथंबी दाबलं.

सगळं गेलं! शिवकन्याचं टायपिंगचं सॉफ्टवेअरबी गेलं. दहा डिसेंबरला तिची मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा हाय. पास झाली तर कुठं क्लार्कचा फॉर्म भरता येईल. रोज वावरातून आल्यावर तासभर बसायची. आता ती एक बटण दाबते आन भलतंच अक्षर उमटतंय.

संध्याकाळी सगळे कंप्युटरभोवती. तेव्हा मी काय बोललो, ते लिहायचीबी लाज वाटायलीय. म्हणालो, "चालू असताना कुणीतरी भिंतीतली पिन ओढली. विंडोज उडालं. मी लिनक्स टाकलं म्हणून कंप्युटर तरी वाचला."

कस्तुराचं तोंड एकदम उतरलं. मग शिवकन्या हळूच म्हणाली, "मीच. सकाळी झाडताना निघाली."

आन मी गप! सासूनं तिला फाडून खाल्लं — "परीक्षा द्यायच्यात म्हणं! साधा झाडू मारता येईना!" महारुद्र म्हणाला, "आबा होते म्हणून वाचला." मी मान हलवली. मान हलवली मी!

२१ नोव्हेंबर

जेवण गेलं न्हाई.

२४ नोव्हेंबर, सोमवार

महारुद्र म्हणतो, यंदा परीक्षा राहू दे. शिवकन्यानं पुठ्ठ्यावर पेनानं कीबोर्ड काढलाय. भाकरी झाल्या की चुलीपुढंच बसून त्यावर बोटं चालवते. मला बघून पुठ्ठा पदराखाली घेतला. चोर मी, आन लपवती ती!

नागेशला फोन केला. "काका, आधी बॅकअप घेतलता ना?" "घेतला की!" आणखी एक खोटं. जीभ झडली पाहिजे माझी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस झाले, कंप्युटरपुढून उठलो न्हाई. लिनक्समधी रेमिंग्टनचा, जुन्या टाइपरायटरसारखा कीबोर्ड बसवता येतो म्हणं. परीक्षेला तोच लागतो. नागेश फोनवर एकेक अक्षर सांगतो, मी काळ्या खिडकीत टाइप करतो. मधली जागा सुटली की परत पहिल्यापासून. पासवर्ड टाकताना तर काहीच उमटेना — मला वाटलं कीबोर्डच मेला! नागेश हसून हसून बेजार — तिथं पासवर्ड दिसतच न्हाई म्हणं. हसू दे. माझी तीच लायकी हाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जमलं! शिवकन्या बसली, आन बोटं आपोआप धावायली. उठली ती थेट माझ्या पाया पडली. "मामा, लय उपकार झाले."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. वरून कस्तुरा — "बघ, तू मोडायचं आन त्यांनी जोडायचं."

तेव्हातरी बोलायचं होतं. न्हाई बोललो.

९ डिसेंबर, मंगळवार

उद्या परभणीला परीक्षा. सोबत मी जायलोय. परत येताना सांगून टाकायचं. आधी न्हाई, तिचा हात बिघडायला नको. का हीबी माझी पळवाटच?

१० डिसेंबर, बुधवार

एसटीतच लिहायलोय. अक्षर हलतंय.

पेपर चांगला गेला म्हणाली. गोदावरीचा, आमच्या गंगेचा पूल लागला तेव्हा सांगून टाकलं — सगळं, पहिल्या 'पुढे'पासून. ती म्हणाली, "मामा, पिन मी न्हाईच ओढली. त्या दिवशी झाडू आत्यांनी मारलता. मला वाटलं, त्यांच्याच हातून झालं. लय भ्याल्या होत्या त्या. म्हणून म्हणलं, मीच."

वही मागं उलटली. वीस तारीख. माझ्याच हातचं — शिवकन्या पहाटेच कापूस वेचायला गेलेली.

म्हणजे तिची सासू, कस्तुराबी तीन आठवडे गपच!

घरी गेलो की सगळ्यांदेखत आधी माझं सांगणार. मग कस्तुराकडं बघणार.